फिकट गोगलगायीच्या पोटात

काकूने सकाळी काचेच्या वाडग्यावरचं झाकण काढलं आणि ती तशीच उभी राहिली. मी मागे चहाचा कप घेऊन थांबले होते. वाडग्यात काल दोन गोगलगायी होत्या, आज एकच होती. जी उरली होती तिच्या दुधट, आरपार दिसणाऱ्या अंगात, पोटाच्या जागी, एक जांभळा डाग होता.

"गिळली," काकू म्हणाली. "माझ्याच वाडग्यात, माझ्याच हातानं दिली मी तिला."

काकू समुद्रजीवांच्या संशोधन संस्थेत नमुन्यांच्या खोलीत काम करते. उथळ, कोमट पाण्यातल्या प्रवाळांवर शंख नसलेल्या गोगलगायी असतात. नखाएवढ्या, आणि रंग असे की कुणीतरी बारीक ब्रशने हौसेनं रंगवून सोडून दिल्यासारख्या. त्यांची जात ओळखणं हे काकूचं काम. डोक्यावरची दोन शिंगं, पाठीवरचा कल्ल्यांचा झुबका, कडेची रेघ एवढं पाहून ती नाव सांगते. अडलं तर जिभेवरची दातांची पट्टी काढून मायक्रोस्कोपखाली धरते. काका तिला चिडवतात, "लग्न ठरवताना मला इतकं निरखून पाहिलं असतंस तर सुटली असतीस." त्यावर काकूचं उत्तर ठरलेलं, "दात तेवढे बघायचे राहिले."

त्या सकाळी काकाही नुसते वाडग्यावर वाकून बघत होते.

संस्थेच्या मागच्या खडकांवर बोटींच्या धक्क्यासाठी दगडांचा भराव पडत होता. आदल्या दिवशी ओहोटीच्या वेळी काकू टोकाच्या खळग्याशी वाकली, तेव्हा तिला ती जांभळी दिसली होती. अंगावर हिरवे ठिपके, शिंगांची टोकं केशरी. काकूला नाव सुचेना. घरी येऊन तिने पुस्तकांचा फडशा पाडला, तरी सुचेना. संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळेच सर म्हणतात, त्यांनी फोनवर सांगितलं, "इथेच सापडणारी नवी जात आहे असं दाखवता आलं, तर पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत तेवढा कोपरा भरावातून वगळायला सांगू. पण नमुना बाटलीत हवा. तोंडी काही चालायचं नाही."

स्पिरिटमध्ये या जीवांचा रंग उडतो. घाईनं बुडवलं तर अंग आखडून नुसता गोळा होतो. आधी जिवंतपणी नीट फोटो, मग थंड पाण्यात हळूहळू गुंगी, मग बाटली, अशी रीत. चांगला कॅमेरा संस्थेत होता आणि संस्था दुसऱ्या दिवशी उघडणार होती. म्हणून जांभळी रात्रभर घरी राहिली. त्याच खळग्यात एक पांढरीही मिळाली होती, तुरळक नारिंगी ठिपक्यांची. काकूने तिच्याकडे ओझरतं पाहिलं, "ही स्पंज खाणारी, गरीब बिचारी," म्हणाली, आणि तिलाही त्याच वाडग्यात सोडलं.

ती स्पंज खाणारी नव्हती. दुसऱ्या गोगलगायी खाणाऱ्या जातीचं ते पिल्लू होतं. म्हणून ठिपके कमी.

"तोंड बघितलं असतं तर कळलं असतं," काकू पुन्हा पुन्हा म्हणत होती. "एकदा उलटं करून तोंड बघायचं, बस. पण माझा जीव सगळा त्या जांभळीत अडकलेला."

"मग आता हिचं पोट फाड ना," काका म्हणाले.

"मऊ अंग केव्हाच विरघळलं असेल. राहिले असतील ते दात. आणि त्या लगद्यात पट्टी दिसायचीही नाही." तिने हातातली सुई खाली ठेवली. "सुई सरकली तर तेही जातील. दात पचत नाहीत. बाहेर येतील, तेव्हा धरीन."

दुसरी जांभळी मिळाली तर सगळंच निभावणार होतं. ओहोटीनं पाणी मागे सरलं की काकू पांढरा ट्रे घेऊन खडकांवर जायची. मीही बरोबर गेले. गुडघाभर पाण्यात ती एकेक दगड उचलायची, खालून बघायची, जसा होता तसा परत ठेवायची. वर ट्रक दगड ओतत होते आणि पाणी गढूळ होत चाललं होतं.

"बाई, काय हरवलं? अंगठी का?" एका ट्रकवाल्यानं वरून हाक मारली.

"तसंच समज."

"मग साहेबांना सांगा नवी घ्यायला! हे काही थांबायचं नाही!"

काकू हसली. त्याच्यावर रागावण्याइतकंही तिच्यात काही उरलं नव्हतं. पुढच्या ओहोटीला आम्ही गेलो, तर त्या खळग्यावर दगड होते. काकूने त्यातल्या एकाला खांदा लावून पाहिला. तो हलणार नव्हता हे तिला माहीत होतं, मलाही. तरी मी शेजारी जाऊन खांदा लावला.

घरी वाडग्यातली पांढरी आरामात काचेवर फिरत होती. पोटातला जांभळा फिका होत चालला होता. काकू ड्रॉपर घेऊन समोर बसायची, विष्ठेचा प्रत्येक बारीक तंतू उचलायची, मऊ भाग विरघळून दात उरावेत म्हणून ब्लीचच्या थेंबात टाकायची, मायक्रोस्कोपला डोळा लावायची. काहीच नाही. पुन्हा काहीच नाही. जेवायला हाक मारली की "आले" म्हणायची आणि यायची नाही. काका ताट तिथेच ठेवून जायचे.

मग एकदा ती "हं" म्हणाली. मी जवळ गेले. प्रकाशात एक इवलीशी पट्टी होती, काचेच्या फणीसारखी, कडेला तुटलेली. प्रत्येक दाताच्या आतल्या बाजूला एक आखूड आकडा होता. काकूने पुस्तकं पुन्हा काढली, सावकाश, एकही पान न गाळता. तसा आकडा कुठेच नव्हता.

ती काचपट्टी रुमालात गुंडाळून आम्ही सरांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"दात वेगळे आहेत, मान्य. पण ते त्या जांभळीचेच कशावरून? या पांढरीनं आधी काय काय खाल्लं असेल, कोण जाणे."

"सर, मी तिला पाहिलंय."

सरांनी चष्मा काढला. आवाज मवाळ होता. "पांढरीलाही तुम्हीच पाहिलं होतं ना, ताई?"

काकूने काचपट्टी परत रुमालात ठेवली. बैठक झाली. त्या कोपऱ्याचा विषय निघालाच नाही.

सरांना भेटून आम्ही घरी परतलो, त्या दिवशी काका दारातच उभे होते.

"काय निघालं?"

"नवीनच होती."

"मग?" काकांना क्षणभर बरं वाटलं असावं. "म्हणजे तुझंच खरं झालं की."

काकू पायरीवर बसली. "मी इतके दिवस काय मनात म्हणत होते सांगू? चुकू दे माझं. जुनीच निघू दे. म्हणजे निदान दुसऱ्या कुठल्या तरी पाण्यात ती असेल." तिने चपला काढल्या, हातातच धरून ठेवल्या. "पण नाही हो. ओळखायला मी चुकले ते पांढरीला. जांभळीला नाही."