एक किलोचा मूळपुरुष

आमच्या मूळपुरुषाचं वजन बरोबर एक किलो आहे.

(मूळपुरुष म्हणजे घराण्याचा पहिला माणूस. ज्याने कधीकाळी येऊन गावात घर बांधलं, विहीर खणली आणि पुढच्या पिढ्यांना भांडायला जमीन ठेवली, तो. कोकणात त्याच्या नावाने एखादा पाषाण पुजतात. पाषाणाचं वजन सहसा कोणाला माहीत नसतं. आमच्याकडे पावती आहे.)

त्या वर्षी आमच्या कलमांना आंबा भरपूर लागला आणि चक्क भावही मिळाला. पैसे कुठे ठेवावेत, असा प्रश्न बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला. एरवी त्यांना ते कुठे गेले, असा प्रश्न पडायचा. बाबांच्या शाळेच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं, चांदी घ्या, वर जाणार आहे. बाबांनी घरी जाहीर केलं, "दिवाळीला चांदी घ्यायची. पुढच्या दिवाळीला विकायची. येतील त्यात मी भर घालीन आणि अदितीला स्कूटर!"

ही स्कूटर माझ्यासाठी चैन नव्हती. मी माळनाक्याजवळ एका ऑफिसात नोकरीला होते आणि सिटी बसने जायचे. बस थांबवायला "माळनाका उतरायचाय!" असं ओरडावं लागतं. मला ओरडता येत नाही. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं; तिथे आम्हाला हात वर करायला शिकवलं होतं. मी बसमध्ये हात वर करायचे. कंडक्टरला वाटायचं, पोरीने दांडी धरलीय. मग दुसरं कोणी उतरणारं नसलं की मी पुढच्या स्टॉपवर उतरून उन्हातून मागे चालत यायचे आणि ऑफिसात सांगायचे, मला चालायला आवडतं.

चांदी घ्यायची हे ठरलं. पण कुठल्या रूपात? आईचं मत तयारच होतं. "ताम्हन, पळी, पंचपात्री. वापरताही येईल आणि घरात चांदीही राहील."

"त्यात घडणावळ जाते गो!" बाबा म्हणाले. "विकताना ती मिळत नाही. वर घट धरतात ती वेगळीच."

"विकताना? पूजेची भांडी विकणार तुम्ही?"

तेवढ्यात लांज्याहून आत्या आली. तिने चहा बशीत ओतता ओतता निकाल दिला. "नाणी घ्या रे. लक्ष्मीची. सुटी विकता येतात. लग्नामुंजीत देताही येतात."

मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात एकेक रूप बाद करत होते. ताम्हन आलं की त्यात संध्याकाळीच पाणी पडणार. बाद. नाण्यावर लक्ष्मी, आई लक्ष्मीला दुकानदाराच्या काट्यावर परत बसवू देणार नाही. बाद. समईत एकदा वात पेटली की माझी स्कूटर विझलीच! मला हवी होती अशी चांदी, जिला रूपच नाही. ना देव, ना वेलबुट्टी, ना उपयोग. जिच्यावर कोणाचाही जीव जडणं अशक्य आहे. म्हणजेच वीट.

राम आळीतल्या सराफाकडे आम्ही चौघंही गेलो. आई ताम्हनापाशी, आत्या नाण्यांपाशी आणि बाबा घामाघूम. सराफ कंटाळून म्हणाला, "काय ते एकदा ठरवा." आणि माझ्या तोंडून, चांगल्या मोठ्या आवाजात, शब्द निघाला, "वीट!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी बोलली म्हणून असेल किंवा घडणावळ वाचली म्हणूनही असेल.

वीट घेऊन घरी आलो. ती थेट बँकेच्या लॉकरमध्ये जायची होती. पण बँकेला दिवाळीची सुट्टी लागलेली. मग घरात ठेवायची कुठे? कपाटाचं कुलूप नुसती फुंकर मारली तरी उघडायचं.

"देवघरात ठेवू," आई म्हणाली. "तिथे चोर हात घालत नाही."

"पण चमकतेय ती! अंगणातून दिसेल!"

आईने पूजेचा डबा उघडला आणि तेलात शेंदूर कालवून विटेला चारी बाजूंनी जाड थर दिला. वर दोन जास्वंदीची फुलं. बाबा लांब जाऊन, डोळे बारीक करून बघून आले. "झकास! कोणाच्या बापाला कळायचं नाही. आणि कोणापाशी अक्षर काढायचं नाही हां!" हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी एरवी कुठे अक्षर काढत होते, ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा बाजारात गेलेले, आत्या न्हाणीघरात, आणि शेजारच्या माईकाकू फराळाचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या नजरेतून घरातली नवी पायपुसणीसुद्धा सुटत नाही. देवघरासमोर त्या थबकल्या.

"अगो, हा कुठचा देव? परवा नव्हता तो."

मी त्यांच्याकडे बघितलं, मग विटेकडे. डोक्यात 'इन्व्हेस्टमेंट' एवढा एकच शब्द घुमत होता आणि तो नेमका बोलायचा नव्हता. शाळेतल्या मराठीच्या तासाला मला कधी वेळेवर शब्द सुचला नव्हता. तो त्या दिवशी सुचला.

"मूळपुरुष," मी म्हणाले.

"तुमचा?"

"हो. गावाहून... आणला. तिथे एकटेच असतात."

माईकाकूंनी ताट माझ्या हातात दिलं, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला. "बाबा, माझा गॅस संपत आलाय हो," त्या म्हणाल्या. "सिलिंडरचा पत्ता नाही. दिवाळी निभावून ने."

सिलिंडर दुपारी आला.

संध्याकाळपर्यंत माईकाकूंनी नारळ आणला. दुसऱ्या दिवशी त्यांची जाऊ आली. मग समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी बारावीच्या परीक्षेचा फॉर्म पायाशी ठेवून गेली. (पाय कुठल्या बाजूला, हे तिने मला विचारलं. मी अंदाजाने दाखवले.) आई मला स्वयंपाकघरात नेऊन दबक्या आवाजात ओरडली, "काय सांगितलंस गो तू?"

"दुसरं काय सांगायचं होतं?"

"मारुती म्हणायचास! शेंदूर मारुतीला असतो!"

सुट्टी संपली, बँक उघडली. पण वीट लॉकरला न्यायची कशी? माईकाकू रोज सकाळी फूल घेऊन हजर! मूळपुरुष लॉकरमध्ये गेले, असं सांगायचं? "चार दिवसांनी नेऊ," बाबा म्हणाले. चार दिवसांचं वर्ष झालं. देवासमोर रोज ताट जातंच, म्हणून आईने विटेसमोरही वाटी ठेवायला सुरुवात केली. निदान तसं ती म्हणायची. एकदा ती विटेला विचारत होती, "आज जरा तिखट झालंय का?"

पुढच्या दिवाळीपर्यंत भाव खरोखर वर गेला. मी स्कूटरचा रंगसुद्धा ठरवला होता. निळा. बाबा सकाळी पिशवी घेऊन देवघरात शिरले.

"कुठे नेताय त्यांना?" आईने वाट अडवली.

"त्यांना? अगो, वीट आहे ती!"

"वर्षभर नैवेद्य खाल्लाय त्यांनी. न विचारता हलवायचं नाही. कौल लावा."

म्हणजे विटेवर फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर विका, डावी पडली तर नका. आत्या मुद्दाम लांज्याहून आली. पाकळ्या लावल्या. आम्ही चौघं मांडी घालून बसलो. आणि पाकळ्या पडेनातच! वर्षभराच्या शेंदरावर त्या अशा घट्ट बसल्या होत्या की दुपारी जेवून येऊन बघितलं तरी जिथल्या तिथे. संध्याकाळी सुकल्या, पण पडल्या नाहीत.

"बोलतच नाहीत हो," आई काळजीने म्हणाली.

"अदितीवर गेलेत," आत्या म्हणाली. "तरी मी सांगत होते, नाणी घ्या! लक्ष्मीचं काय ते आपल्याला माहीत तरी असतं. कोकणात बिनरूपाचा दगड आणून ठेवलात, त्याचा देव होणार नाही तर काय होणार?"

हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. कोरीव मूर्तीला आमच्याकडे लोक छान म्हणतात; ओबडधोबड पाषाण दिसला की चपला काढतात. आणि मी दुकानभर ओरडून नेमकं तेच रूप निवडलं होतं!

शेवटची आशा बाबा. ते उठले. निर्धाराने पिशवी उघडली, विटेपुढे वाकले आणि हात जोडून पुटपुटले, "यंदा मोहर चांगला येऊ दे."

मग रिकामी पिशवी घेऊन ते कोथिंबीर आणायला गेले.

भाव त्यानंतर आणखी वर गेला, असं मी पेपरात वाचते आणि पान उलटते. सकाळी बसला निघताना मीही देवघरापुढे उभी राहते. स्कूटर मागायची सोय नाही. त्यासाठी मूळपुरुषांना स्वतःलाच विकावं लागेल. म्हणून मी एवढंच मागते, की माळनाक्याला माझ्याबरोबर आणखी कोणीतरी उतरणारं असू दे, आणि त्याचा आवाज मोठा असू दे.