पान एक्केचाळीसवरची ओळ

त्या गाइडबद्दल माझं मत पहिल्या दहा मिनिटांतच वाईट झालं. दोनला निघायचं ठरलं होतं, निघालो दोन वाजून नऊ मिनिटांनी. पत्रकात बारा ठिकाणं छापलेली. रस्त्याच्या कामामुळे दहाच होतील, असं त्याने निघताना सांगितलं. कॅल्गरीचा संगीताचा इतिहास पायी फिरून दाखवणार होता, आणि पहिलं ठिकाण निघालं पार्किंगची इमारत. तिथे पूर्वी नाचाचा हॉल होता म्हणे.

बायकोच्या वाढदिवसाला मुलीने ही तिकिटं काढली होती. आम्ही तिघं आणि आणखी सहा जण. गाइड निवृत्त संगीतशिक्षक होता. गळ्यात छोटा स्पीकर, हातात कागदांची फाइल. प्रत्येक ठिकाणी फाइल उघडून तो वर्षं आणि आकडे वाचायचा. तिसऱ्या ठिकाणी एका बंद दुकानासमोर उभं राहून म्हणाला, इथे आठशे माणसं बँड ऐकायला जमायची. मी दुकानाची रुंदी पावलांनी मोजली. अकरा पावलं.

"आठशे माणसं इथे उभीसुद्धा राहणार नाहीत," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज. इट्स मॉम्स डे," मुलगी पुटपुटली.

"करू दे त्यांना," बायको तिला म्हणाली. "घरी कोथिंबिरीच्या काड्या मोजतात. इथे निदान मोकळी हवा आहे."

गाइडने माझ्याकडे बघून स्मित केलं. मला ते आवडलं नाही. पुढच्या दोन ठिकाणी मी त्याला आणखी दोनदा अडवलं. तोही मग माझ्याकडे पाठ करून बोलायला लागला.

सातव्या ठिकाणी बायको एकदम थांबली. समोर विटांचं चर्च होतं. त्याच्या बेसमेंटमध्ये तिने एकोणीस वर्षं लहान मुलांना गाणं शिकवलं होतं. दर शनिवारी दहाला वर्ग. ती मात्र नऊलाच पोचायची, कारण थंडीत गाडीतून आणलेली पेटी तासभर उबेत ठेवल्याशिवाय ती वाजवायला घ्यायची नाही. उणे तीसमध्ये पेटीला दोन ब्लँकेटं आणि स्वतःला एक कोट. हॉलची किल्ली इथल्या मराठी मंडळाकडून माझ्या नावावर होती, म्हणून साडेअकराला मी कुलूप लावायला जायचो. चौतीस खुर्च्या मोजून भिंतीला लावायचो. गाण्यातलं मला काही कळत नाही.

गाइडने फाइल उघडली. "या चर्चच्या तळघरात भारतीय गायनाचा वर्ग भरायचा," तो म्हणाला. "एका महाराष्ट्रीय गृहस्थांनी तो सुरू केला आणि एकोणीस वर्षं चालवला." आणि त्याने माझं नाव घेतलं. उच्चार अगदी वाईट, पण नाव माझंच.

मला संताप आला, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. या वेळी तो पुरता सापडला होता. "चूक!" मी मोठ्याने म्हणालो. "साफ चूक. तो माणूस मी आहे आणि मला सा सुद्धा लागत नाही. वर्ग हिने चालवला. तुमच्याकडे पुरावा काय?"

त्याने शांतपणे एक झेरॉक्स पुढे केली. "तुमच्या मंडळाने लायब्ररीला दिलेली स्मरणिका. इंग्रजी विभाग, पान एक्केचाळीस."

ते पान मी टाइप केलं होतं. तीनदा तपासलं होतं, एकही चूक राहू दिली नव्हती. मंडळाचं सभासदत्व कुटुंबाचं असतं आणि कुटुंबप्रमुखाच्या नावावर असतं. उपक्रमांची यादी करताना नावं दोनदा येऊ नयेत म्हणून मी सभासद यादीच वापरली. एक कुटुंब, एक ओळ. त्यामुळे फराळाची शिबिरं पुरुषांच्या नावावर, भोंडलासुद्धा पुरुषाच्या नावावर, आणि गाण्याचा वर्ग माझ्या.

"तेव्हा मी विचारलं होतं," बायको मराठीत म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "माझं नाव कुठाय म्हणून. आठवतंय का?"

आठवलं. सभासद क्रमांक माझ्या नावावर आहे, असं मी तेव्हा सांगितलं होतं, आणि पुढचं पान टाइप करायला घेतलं होतं.

"अगं, पण तो नियम सगळ्यांना सारखा..."

"भोंडल्यालाही?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. "यू टाइप्ड दिस? सीरियसली, बाबा?"

मी गाइडला सांगितलं की चूक माझी आहे, पुढच्या वेळेपासून हिचं नाव घ्या. त्याने मान हलवली. "मी छापील आधाराशिवाय काही बदलत नाही. दिवसभर तुम्हीही मला आधारच मागत होतात. दुरुस्ती छापून आणा." बाकीचे सहा जण हसले. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो, म्हणून ते जास्त लागलं.

उरलेली तीन ठिकाणं बायको मुलीबरोबर चालली. मी चार पावलं मागे. गाडीतही ती मागे बसली.

घरी आल्यावर मी मंडळाला पत्र टाइप केलं: स्मरणिकेच्या पान एक्केचाळीसवर माझ्या हातून चूक झाली आहे, सदर वर्ग माझ्या पत्नीने सुरू केला व चालवला, दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी. कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, पेन मागितलं आणि 'माझ्या पत्नीने' हे शब्द खोडले. वर तिने तिचं नाव लिहिलं. लग्नाआधीचं, माहेरच्या आडनावासकट. त्याच नावाने ती गाणं शिकली होती, त्याच नावाने परीक्षा दिल्या होत्या.

सभासद यादीत या नावाचं कोणी नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ती माझ्याकडेच बघत होती. मी गिळलं, पुन्हा टाइप केलं, खाली संकलक म्हणून सही केली आणि दोन प्रती काढल्या. एक मंडळाला, एक गाइडला.

"उद्या मी पोस्टात टाकतो," मी म्हणालो.

"नको. माझं मी टाकते," ती म्हणाली, आणि दोन्ही पाकिटं स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.