वीतभर टीव्ही

माझ्या नवऱ्याने बनवलेला टीव्ही जगात फक्त मला दिसायचा.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. रडगाणं लिहायला बसले नाही. त्या टीव्हीचं काय झालं ते सांगायचंय.

हे, म्हणजे प्रभाकर. सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात यांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं.

यांचे आजोबा १९३० च्या सुमारास इथल्या गड्ड्याच्या जत्रेत दोन भिंगांची पेटी घेऊन बसायचे. आत एकाच देवळाचे दोन फोटो, किंचित वेगळ्या जागेवरून काढलेले. भिंगांना डोळे लावले की देऊळ खरंखुरं समोर उभं राहायचं.

ती पेटी आमच्या माळ्यावर होती. हे म्हणायचे, "डोळ्याला काही न लावता असं दिसलं पाहिजे. टीव्हीवर."

मी सातवी पास. पण वाचायचं वेड. रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात लेख सापडला, तो डिक्शनरी मांडीवर घेऊन आठवडाभर वाचला. आजोबा जत्रेत बसत त्याच काळात तिकडे परदेशात लोक हेच करू बघत होते. चित्राचे बारीक उभे पट्टे करायचे. एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या डोळ्याचा, एकाआड एक. पुढे उभ्या फटींची जाळी अशी धरायची, की प्रत्येक डोळ्याला फक्त त्याचेच पट्टे दिसावेत.

मी हे वाचून दाखवलं.

हे म्हणाले, "शालन, असली जाळी आपल्या सोलापुरात घरोघर हाय की!"

फणी!

बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते. मागावर ताण्याचे उभे धागे जिच्यातून जातात ती तारांची चौकट म्हणजे फणी. शेकडो उभ्या तारा, सगळ्या सारख्या अंतरावर.

यांचे दोस्त मल्लेशम अण्णा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीचे माग सांभाळायचे. त्यांनी एक जुनी फणी काढून दिली.

"काय वो प्रभाकरशेठ, टीव्हीवर चादर विणता काय?"

"विणतो की. पहिली तुम्हीच पांघरा."

फणी वीतभर उंच. म्हणून चित्रही वीतभरच.

दोन छोटे कॅमेरे शेजारी शेजारी लावले. दोन्हींच्या सिग्नलचे पट्टे करून एकात एक गुंफणारं सर्किट यांनी स्वतः जुळवलं. तीन वर्षं लागली. पडदा आणि फणी यांच्यामध्ये काडेपेटीच्या काड्या घालून अंतर ठरवायचे.

मी रोज संध्याकाळी समोरच्या स्टुलावर.

"हलू नकोस गं."

"अहो, भाकरी करपते."

"करपू दे. काय दिसतंय?"

"पट्टे."

आणि एक दिवस पट्टे गेले. यांचा हात दिसला. पडद्याच्या बाहेर, माझ्या नाकासमोर. तळव्यावर चार शेंगा.

"घे की," हे कॅमेऱ्यासमोरून म्हणाले.

मी खरंच हात पुढे केला. बोटं हवेत मिटली. हे इतके हसले की शेंगा सांडल्या.

मग एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात टीव्ही नेला. त्या हाताचं, आवाजासकट, रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं, तेच लावलं. परीक्षक साहेब स्टुलावर बसले. पुढे झाले, मागे झाले.

"काका, नुसते पट्टे दिसतायत."

कॉलेजची मुलं बसली. पट्टे. मल्लेशम अण्णा बसले. पट्टे.

मी बसले आणि शेंगा घ्यायला हात पुढे केला. लोक हसले. मला यांच्या तोंडाकडे बघवेना.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून पट्टी काढली, माझ्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं, मग स्वतःच्या.

"वहिनींचे डोळे जरा जवळ आहेत. तुम्ही सगळं त्यांनाच जुळवलंय."

तीन वर्षांत दुसऱ्या कुणाला स्टुलावर बसवायचं यांना सुचलंच नव्हतं!

अण्णा म्हणाले, "बायकोच्या मापाचा टीव्ही शिवला वो यांनी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी काड्या तासून बारीक केल्या. साहेबांना दिसलं. दचकून स्टूलसकट मागे सरकले. सर्टिफिकेट मिळालं. "हा इथेच ठेवा, मुलं शिकतील," असंही म्हणाले.

हौसेने मी बसले. मला पट्टे.

यांनी ते पाहिलं. टीव्ही रिक्षात घातला. घरी येऊन चहाच्या आधी जुन्या मापाच्या काड्या घातल्या.

"अहो, असं काय करता? आता कुणालाच दिसायचा नाही."

"तुला दिसतोय की."

चाळीस वर्षांच्या संसारात गोड बोलणं म्हणाल तर एवढंच. मला पुरलं.

मागच्या महिन्यात तेच साहेब घरी आले. आता रिटायर झालेत. "वहिनी, तो टीव्ही कॉलेजला द्याल का?"

आठ दिवस मी हो म्हटलं नाही. द्यायचा म्हणजे काड्या बदलणार. काड्या बदलल्या की तो हात मला परत दिसणार नाही. फोटो आहेत यांचे, पण फोटोतला हात बाहेर येत नाही.

मग माळ्यावरची पेटी काढून पुसली. आजोबा ती घरात ठेवून एकट्या आजीला दाखवत नव्हते. जत्रेत बसत होते. यांनाही तेच हवं होतं. माझ्यासाठी थांबले, एवढंच.

साहेबांना फोन केला. उद्या न्यायला येतायत. म्हटलं, काड्या तिकडे गेल्यावर बदला, माझ्यासमोर नको.

आज सकाळी स्टुलावर बसले. हललेच नाही.

हात बाहेर आला. अंगठ्यावर सोल्डरिंगचा जुना डाग. तळव्यावर चार शेंगा.

"घे की."

घेतल्या हो.

आता कॉलेजच्या पोरांना द्या.

तुमची,
शालन