समीक्षक तिसरे आले

लग्नसराईतल्या एका गुरुवारी दुपारी मोशीतल्या एका मंगल कार्यालयात आमच्या दैनिकाच्या नाट्यसमीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर गाडी चालवली आणि आठ जणांत ते तिसरे आले. गाडी पडद्यावरची होती. ती एक बेडूक चालवत होता आणि बेडकाला समीक्षक चालवत होते. वधूपक्षाची सगळी मंडळी या घटनेची साक्षीदार आहेत. वरपक्ष त्या वेळी चाकणच्या चौकात वाहतुकीत अडकलेला होता.

कडक समीक्षक महाराष्ट्राला नवे नाहीत, पण आमच्या समीक्षकांइतके कडक गृहस्थ मी दुसरे पाहिलेले नाहीत. उभ्या हयातीत त्यांनी कशालाही पूर्ण चांगले म्हटले नव्हते. त्यांच्या प्रत्येक परीक्षणाचा शेवटचा परिच्छेद 'परंतु' या शब्दाने सुरू होई. नट, नेपथ्य, प्रकाश, सगळ्यांचे जे काही भले व्हायचे ते त्याच्या आधी होऊन जाई. त्यांचा मजकूर मी डेस्कवर वर्षानुवर्षे संपादित केला आहे. जागा कमी पडली तर कात्री वरच्या भागाला लावायची, 'परंतु'ला हात लावायचा नाही, हा आमचा अलिखित नियम होता. 'प्रयोग बरा झाला' ही त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी. चिंचवडच्या एका हौशी नटाने ते कात्रण चौकट करून दिवाणखान्यात लावले होते. काचेवर धूळ बसली तरी 'बरा' या शब्दापुरती ती पुसलेली असे.

त्यांची समीक्षा नाट्यगृहापुरती नव्हती. बसच्या वाहकाबद्दल ते म्हणत, "उच्चार स्वच्छ, पण सहकलाकारांकडे लक्ष नाही." सोसायटीच्या वार्षिक सभेतून बाहेर पडताना त्यांनी अध्यक्षांना सांगितले होते की दुसरा अंक रेंगाळला. शेजारच्या घरातले भांडण भिंतीतून ऐकू आले तर ते वर्तमानपत्र खाली ठेवत आणि संपल्यावर निकाल देत, "सून संयत. सासूबाई आवाजावर फार विसंबतात." त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, या सगळ्याला सरावल्या होत्या. "आमच्याकडे आमटीलासुद्धा शेवटचा परिच्छेद असतो," असे त्या आल्यागेल्याला सांगत.

त्यांचे नियम दोनच होते आणि ते त्यांनी कधी मोडले नाहीत. पहिला, फुकट पाहिलेल्या प्रयोगावर लिहायचे नाही. निर्मात्याने पाठवलेला पास ते परत करत आणि रांगेत उभे राहून तिकीट काढत. दुसरा, प्रेक्षक नसतील तर लिहायचे नाही. रिकाम्या नाट्यगृहात झालेली रंगीत तालीम त्यांच्या हिशेबी घडलेलीच नसे.

वाहनांशी मात्र त्यांचे कधी जमले नाही. त्यांना सायकलही येत नव्हती. माझ्या स्कूटरवर मागे बसले की वळणावर ते विरुद्ध बाजूला झुकत. मी सावध केले तर म्हणत, "तोल कोणीतरी सांभाळायला हवा."

असे असताना नवे संपादक आले. ते तरुण होते, सभ्य होते आणि त्यांना विचारायची सवय होती. त्यांनी मला विचारले की नाट्यपरीक्षणाचे सदर वाचतो कोण. गंभीर नाटकांचे प्रयोग कमी झाले होते, सदर अर्ध्या रकान्यावर आले होते आणि वाचकांचे शेवटचे पत्र कधी आले होते हे कोणालाच आठवत नव्हते. संपादकांनी तोडगा काढला. व्हिडिओ गेमची परीक्षणे लोक वाचतात. मुलांमध्ये गाजणारा एक शर्यतीचा गेम होता. गोंडस प्राणी छोट्या छोट्या गाड्या पळवतात आणि एकमेकांच्या वाटेत वस्तू टाकतात. समीक्षकांनी त्यावर लिहावे. "एका वाचकाचा फोन आला तरी सदर चालू ठेवू," संपादक म्हणाले. फोन नाही आला तर सदर बंद, हे त्यांनी बोलून दाखवले नाही.

हा निरोप मी समीक्षकांच्या मोशीच्या घरी जाऊन दिला. समीक्षकांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. मग त्यांनी विचारले, "पात्रे आहेत?"

"आहेत. बेडूक, अस्वल, कोंबडा वगैरे."

"संघर्ष?"

"सतत."

"मग नाटकच आहे," ते म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "हे सदर गेलं तर दिवसभर घरात बसतील आणि माझ्यावर लिहितील. काय हवं ते करा, पण चालू ठेवा."

त्यांच्या वरच्या मजल्यावर तीन तरुण भाड्याने राहत. तिघेही चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी ऑपरेटर. त्यांनी जुन्या बाजारातून गेमचे यंत्र घेतलेले होते. त्यातल्या लातूरच्या तरुणाने ते एका सकाळी पहिल्या शिफ्टला जाण्यापूर्वी समीक्षकांच्या टीव्हीला जोडून दिले आणि तो कंपनीच्या बसकडे पळाला. दुपारी मी काय घडते आहे ते पाहायला गेलो, तेव्हा तोही शिफ्ट संपवून जिना चढत होता. आत समीक्षक खुर्चीत ताठ बसले होते. पडद्यावर प्राण्यांच्या गाड्या धावत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"सर, काय बघायलाव?" लातूरच्या तरुणाने विचारले.

"नांदी."

"अवो सर, ही जाहिराताय. कुणी बटन दाबलं नाही की ती आपलीआपली फिरत राहते. तुमी गेम सुरूच नाही केलाव!"

नाटकाच्या आरंभी नांदी होते, ती संपेपर्यंत बोलायचे नसते, एवढ्या एका शिस्तीपायी समीक्षकांनी गेमची जाहिरात सकाळपासून पुन्हा पुन्हा पाहिली होती. ते जराही ओशाळले नाहीत. "नांदी देखणी आहे," ते म्हणाले, "परंतु लांबली."

पुढचे काही दिवस रोज दुपारनंतर सराव चालला. समीक्षकांनी बेडूक निवडला, कारण कोंबडा त्यांना नाटकी वाटला आणि अस्वल जागा अडवते असे त्यांचे मत पडले. बेडूक डावीकडे वळला की ते खुर्चीत उजवीकडे झुकत. त्यांची मते मला फोनवर कळत होती. "गाड्या एवढ्या आणि रस्त्यात एक खड्डा नाही. नेपथ्य वास्तवापासून तुटले आहे." "विरुद्ध दिशेने कोणीच येत नाही. लेखकाने हा भाग फिरून पाहिलेला नाही." मात्र त्यांचा मुख्य आक्षेप वेगळा होता. या गेममध्ये जो सगळ्यात मागे पडतो त्याला सगळ्यात मोठी शक्ती मिळते. बटण दाबले की गाडीला विमानाचे इंजिन लागते आणि ती पुढच्यांना ओलांडून जाते. समीक्षकांना ते रंगमंचावर उगाच धूर सोडण्यासारखे वाटे. कथेत नसलेले बळ बाहेरून आणायचे नाही, हे त्यांचे तत्त्व. त्यामुळे प्रत्येक शर्यतीत ते शेवटचे येत, आणि न वापरलेले इंजिन पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकत राही.

"सर, तत्त्व ठेवा खिशात अन् बटन दाबा," लातूरचा तरुण म्हणे.

"मी आठवा येईन, पण धूर सोडणार नाही," समीक्षक म्हणत, आणि आठवे येत.

मजकूर शुक्रवारी द्यायचा होता. प्रेक्षकांचा नियम शिल्लक होता. आपल्या औद्योगिक पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून समीक्षकांनी गुरुवारी सगळ्या इमारतीला घरी बोलावले. लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले. काकूंनी मध्यंतराच्या चहाचे आधण ठेवले. आणि वीज गेली. गुरुवारी कारखाने बंद म्हणून दुरुस्तीची कामेही गुरुवारीच निघतात. वीज संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. समीक्षकांनी चष्मा काढला आणि मला सांगितले, "प्रेक्षक आहेत, प्रयोग नाही. संपादकांना कळवा की मजकूर येणार नाही."

त्याचा अर्थ खोलीत काकूंना आणि मला कळला. लातूरच्या तरुणाला तो कळला की नाही याची खात्री नाही, पण तो म्हणाला, "सर, खालच्या गल्लीत मंगल कार्यालयाय. त्यांच्याकडं जनरेटर हाय, भिंतीएवढा पडदा हाय. पडद्यावाला माझ्या गावचाय." आणि त्याने यंत्राची वायर टीव्हीतून काढली.

कार्यालयात गुरुवारचे लग्न होते. मुहूर्त उलटून गेला होता. नवरदेव चाकणच्या चौकात होता आणि तिथून हलत नव्हता. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकट झाल्या होत्या. वधूपिता मोशीच्या जुन्या घराण्यातले. समीक्षकांनी त्यांना रीतसर परवानगी मागितली.

"लावा, काय बी लावा," वधूपिता म्हणाले, "पर मान्सं धरून ठेवा. निम्मी जेवून निघाया लागलीत."

समीक्षकांनी खिशातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिले.

"ह्ये न्हाई चालायचं. आहेर घेत न्हाई आमी, पत्रिकेत छापलंय."

"हा आहेर नाही. तिकीट आहे. तुम्ही घेतलं नाही तर मला लिहिता येणार नाही."

वधूपित्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी पाकीट घेतले.

व्यासपीठावर वधूवरांसाठी ठेवलेल्या मखमली खुर्चीत समीक्षक बसले. बाजूला ते तीन तरुण. उरलेल्या चार गाड्या यंत्राच्या. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर बेडूक भिंतीला धडकून उलट्या दिशेने निघाला.

"आवो, त्यो बेडूक माघारी चाललाय!" मागून एक म्हातारे ओरडले.

"नवरदेवाला आनायला चालला आसंल," दुसरे म्हणाले, आणि कार्यालय हसले.

बाहेर पडू लागलेली माणसे दारात थांबली. स्वयंपाकघरातले वाढपी पळ्या हातात घेऊन आले. वधू मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. शेवटच्या फेरीला बेडूक आठवा होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात विमानाचे इंजिन लुकलुकू लागले होते. समीक्षकांचा अंगठा हलला नाही.

"सर, दाबा!" लातूरचा तरुण स्वतःच्या गाडीवरची नजर काढून म्हणाला.

समीक्षक मान वळवून प्रेक्षकांकडे पाहू लागले. त्यांनी आयुष्यभर प्रेक्षकांत बसून रंगमंचाकडे पाहिले होते. रंगमंचावरून प्रेक्षक कसे दिसतात हे त्यांनी तोवर पाहिलेले नव्हते. सगळे कार्यालय उभे होते.

"आवो आजोबा!" वधूची आत्या खुर्चीवर चढून ओरडली. "मुहूर्त गेला, आता कशाची वाट बघताय? दाबा की!"

त्यांनी बटण दाबले.

बेडूक उडाला. अस्वल मागे पडले, कोंबडा मागे पडला, यंत्राच्या दोन गाड्या मागे पडल्या. लातूरच्या तरुणाची गाडी अंतिम रेषेच्या तोंडाशी मागे पडली आणि तो स्वतःच जागेवरून उडी मारून ओरडला. बेडूक तिसरा आला. त्या क्षणी कोणी सुरुवात केली हे निश्चित सांगता येत नाही, पण मुठीतल्या सगळ्या अक्षता एकदम समीक्षकांच्या अंगावर पडल्या. बँडवाल्यांना वाटले नवरदेव आला, त्यांनी वाजवायला घेतले. नवरदेव खरोखरच आला होता. तो फाटकात घोड्यावर बसून होता आणि त्याला उतरवून घ्यायला एकही माणूस बाहेर नव्हता.

अक्षता पुन्हा वाटाव्या लागल्या. लग्न लागले. समीक्षक जेवून घरी गेले. जिलेबीवर त्यांनी मत दिले नाही.

शुक्रवारी सकाळी मजकूर आला. त्यात खड्डे नसल्याचा आक्षेप होता, नांदी लांबल्याचा होता, अस्वलाचा होता. मग हा परिच्छेद होता: 'मागे राहिलेल्याला बळ देणे हे मी आजवर लबाडी समजत होतो. काल मी मागे होतो. ते बळ मला खेळाने दिले आणि ते वापरण्याची परवानगी प्रेक्षकांनी. असा प्रयोग मी याआधी पाहिलेला नाही.' तिथे मजकूर संपत होता. मी पान उलटून पाहिले. मग फोन केला.

"सर, शेवटचा परिच्छेद यायचा राहिलाय."

"राहिलेला नाही."

"परंतु?"

"नाही," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

परीक्षण रविवारी पूर्ण रकाना छापले गेले. सोमवारी पहिला फोन वधूपित्यांचा होता. त्यांना लग्नाच्या अल्बममध्ये लावायला अंकाच्या जादा प्रती हव्या होत्या. दुसरा फोन चिंचवडच्या त्या हौशी नटाचा. "बेडकाला एकही परंतु नाही," तो म्हणाला, "आणि मला फक्त बरा? मी काय पाप केलं होतं?" त्यानंतर फोन येत राहिले आणि दुपारी संपादकांनी ते स्वतः घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी त्यांनी मला बोलावले आणि सदराला पूर्ण रकाना कायम केला.

सदर चालू आहे. समीक्षक पुन्हा नाटकांवर लिहितात, तिकीट काढून. 'परंतु' पूर्वीच्या जागी परत आला आहे. लातूरच्या तरुणाचे आणि त्याच्या सोबत्यांचे कंत्राट उन्हाळ्यात संपले. नाशिककडच्या एका कंपनीत काम मिळाले म्हणून ते खोली सोडून गेले. जाताना त्यांनी यंत्र नेले. बेडूक चालवायचा बटणांचा कंट्रोलर मात्र लातूरच्या तरुणाने समीक्षकांना दिला.

यंत्राशिवाय त्या कंट्रोलरचा काही उपयोग नाही. तो समीक्षकांच्या लिहिण्याच्या टेबलावर असतो. दर गुरुवारी सकाळी ते तो चार्जिंगला लावतात, असे काकू सांगतात. गेल्या गुरुवारी मी गेलो होतो, तेव्हा त्याचा हिरवा दिवा लागलेला होता.