कुलूप आधी, किल्ली मागाहून

चार माणसे वर्षानुवर्षे एकाच खोलीत बसली, की तिथे हकिकती साठतात. आडतीच्या दुकानात पोत्यावर पोते चढावे तशा! खालचे ओढायला जावे तर वरचे अंगावर येते.

'किस्सा' हा शब्द मला उथळ वाटतो, म्हणून मी 'हकिकत' म्हणतो. त्यावर आमचे नासिरभाई एकदा म्हणाले होते, "मास्तर, दोन्ही लफ्ज आमच्याकडूनच आलेत. एक ठिवून घ्यायचा न् एक वापस करायचा, असं चालत न्हाई!"

तरीही मी 'हकिकत'च म्हणत राहिलो. 

❖

लातूरला गंजगोलाईच्या मागे एका कापडदुकानाच्या माडीवर आमचे मंडळ भरे. 'अर्थेतिहास मंडळ' हे नाव माझे. माझ्याखेरीज ते कोणालाही एका दमात म्हणता येत नसे. अंबादास सर हे निवृत्त प्राध्यापक आमचे गुरू. "आजची बाजारपेठ समजून घ्यायची असेल, तर जगाच्या चारपाचशे वर्षांपासून सुरुवात करा," हा त्यांचा आग्रह. मी नांदेडला मराठी शिकवी आणि दर रविवारी लोह्यावरून एस.टी.ने येई. कंधारचे नासिरभाई घड्याळे व कुलपे दुरुस्त करीत. तेही लोह्याला त्याच गाडीत चढत. चौथी शैलजा. ती किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातली. लातुरात खोली घेऊन शिकत होती.

मंडळाची एक रीत होती. दर रविवारी कोणीतरी घरातली एक वस्तू आणून मेजावर ठेवायची आणि ती आपल्या घरापर्यंत कशी आली, हे सर्वांनी मिळून शोधायचे. वस्तूचे नाव आणि आणणाऱ्याचे नाव सर वहीत लिहीत.

पहिल्या रविवारी शैलजा काही आणायला विसरली. तिच्याजवळ फक्त डबा होता. तेव्हा लातुरात शिकणाऱ्या मुलांचे डबे रोज सकाळी गावाकडच्या एस.टी.ने येत, कंडक्टर स्थानकावर उतरून एकेक नाव पुकारी आणि डबा हातात देई.

"डबाच ठेव," सर म्हणाले.

डबा उघडला. मिरचीचा ठेचा. "मिरची अमेरिकेची," सर म्हणाले. शेंगदाण्याची चटणी. "तीही तिकडचीच." पेरूची फोड. "तोही!" शैलजा रडकुंडीला आली. "सर, भाकरी तरी आपली म्हणा!"

"ज्वारी फार जुनी. पण मूळची आफ्रिकेची."

तिने हे गावी कळवले. पुढच्या डब्यात भाकरीच्या घडीत तिच्या वडिलांची, आप्पांची, चिठ्ठी आली. "सरांना नमस्कार. ठेचा तिकडचा, शेंगा तिकडच्या, जवारी बी तिकडची. मग आमचं काय हाय? ता.क. ठेच्यात मीठ कमी पडतं. हिच्या आईला सांगून राहिलो, ऐकत न्हाई."

सरांनी उत्तर एका शब्दाचे पाठवले : "भूक."

❖

एका रविवारी सर विलायतेतल्या कापडगिरण्यांविषयी बोलत होते. नासिरभाईंनी आपल्या नांदेडच्या मामूंची हकिकत सांगितली. मामूंची सगळी उमर गिरणीत गेली. गिरणी बंद पडली, यंत्रांवर गंज चढला, आवारात बाभळी उगवल्या. तरी मामू सकाळी ठराविक वेळी डबा घेऊन घराबाहेर पडत.

"मामू, कुठं निघाले?"

"कुठं म्हंजे? भोंगा झाला की!"

आम्ही हसलो. मी सर्वांत जास्त. सरांनी मला विचारले, "तुम्ही त्या गिरणीच्याच मोहल्ल्यात राहता ना? मग तुमचे हे घड्याळ रोज कशावर लावता?"

"भोंग्यावर," मी म्हणालो.

त्यानंतर त्या दिवशी कोणी हसले नाही.

❖

शैलजाचे आप्पा मंडळात कधी आले नाहीत. त्यांच्या घरातल्या वस्तू मात्र येत राहिल्या. डब्याच्या पिशवीतून कधी पितळी अडकित्ता, कधी चिनी मातीची बरणी, कधी आजीची जरीची साडी. अभ्यास झाला तरी आप्पा वस्तू परत मागवीत नसत. "तिथंच राहू द्या. इथं बघाया कोण येतंय?"

कोपऱ्यातले कपाट भरत आले. नासिरभाई म्हणाले, "पोरी, तुझा बाप घर बदलून राहिलाय का काय?"

शेवटी आले ते दाराचे कुलूप. हातभर कडीला शोभेल असे अवजड, लोखंडी, बंद केलेले. किल्ली नव्हती. सोबत चिठ्ठी : "हे कुलूप आमच्याच दाराला का आलं, ते पोरीनं शोधून सांगावं. उत्तर आलं की किल्ली पाठवतो. तवर घर उघडंच राहील. कुलपाबिगर घर हलकं वाटून राहिलंय. आणखी एक. मागल्या सालापून जमीन खालून गुरगुरते. सरांना इचार, इतिहासात असं काही लिवलंय का?"

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "इतिहासात सगळे लिहिलेले असते," ते म्हणाले, "पण घडून गेल्यावर."

मी नासिरभाईंना सुचवले, तुम्हीच उघडून टाका. ते म्हणाले, "दोन मिन्टाचं काम हाय. पर ह्याच्यात बापाची शर्त हाय मास्तर. शर्तीला माझी पिन लागत न्हाई!"

❖

पुढची हकिकत शैलजाने एकदाच सांगितली. मी ती तशीच ठेवतो.

लोक गणपती बोळवून झोपले होते. पहाटे भूकंप झाला. माळवदाच्या घरांची दगडमातीची छते माणसांवर बसली. शैलजाचे आई-आप्पा त्यांत गेले. ती गावी जाऊन, सगळे उरकून परत आली.

काही दिवसांनी त्या बाजूची गाडी पुन्हा सुरू झाली. सकाळी स्थानकावर गावाकडची मुले नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी ओळीने उभी होती. आपल्या घरी कोणीही उरलेले नाही हे ज्यांना ठाऊक होते, तीही उभी होती! गाडी लागली. कंडक्टर उतरला. त्याच्या हातात एकही डबा नव्हता. त्याने नेहमीप्रमाणे एकेक नाव पुकारायला सुरुवात केली.

ज्याचे नाव येई तो पुढे जाई, त्या रिकाम्या हाताला हात लावी आणि मागे सरे.

"तुझे नाव आले?" सरांनी विचारले.

"आलं की," शैलजा म्हणाली. "मीबी गेले."

त्या रविवारी तिने कपाट उघडून अडकित्ता, बरणी, साडी मेजावर मांडली. तिच्या घरातले एवढेच आता जगात होते. कुलूप शेवटी काढले. "सर, किल्ली ढिगाऱ्यात गेली. आता उत्तर शोधून कुणाला सांगू?"

"विचारणारा गेला म्हणून प्रश्न जात नाही," सर म्हणाले, आणि वहीत कुलपापुढची जागा त्यांनी मोकळीच ठेवली.

❖

मग लातूर बदलले. ज्या गल्लीत बियाण्यांची दुकाने होती तिथे क्लासेसच्या पाट्या लागल्या. जागोजागी मेस निघाल्या आणि एस.टी.ने डबे येणे बंद झाले. शैलजा स्पर्धापरीक्षेच्या एका क्लासमध्ये इतिहास शिकवू लागली. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "औद्योगिक क्रांती आधी इंग्लंडातच का झाली असेल?"

 मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पर्याय सांगा की!"

अधूनमधून लहान धक्के बसतच होते. एकदा तासाला फळा हलला, पंखे झुलले. शैलजा खडू टाकून दाराकडे धावली आणि मागे वळून पाहते तो भरलेल्या वर्गात एकही जण जागचा उठलेला नाही! सगळ्यांच्या माना वह्यांत.

"मॅडम," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ते वाक्य अर्धंच राहिलंय."

हे सांगताना शैलजा हसली नाही. "सर, मला वाटलं ती पोरं न्हाईतच. नुसत्या वह्या बसल्यात."

❖

कुलपाचा शोध तिने सोडला नव्हता. वर्षामागून वर्षे गेली. त्यावरची अक्षरे झिजली होती. पुढे नासिरभाईंना त्यांच्या आजोबांच्या पेटीत हैदराबादच्या एका व्यापाऱ्याचे जुने मालपत्रक सापडले. त्यात तेच कुलूप, चित्रासह! विलायतेतल्या कुलपे घडविणाऱ्या एका गावी बनलेले. पण शैलजाचे समाधान होईना. "हे 'कुठून' झालं चाचा. आप्पांनी 'का' इचारलं होतं."

तोवर माडी एका क्लासला भाड्याने गेली. मालकाने खोली सोमवारी रिकामी मागितली. शेवटच्या रविवारी आम्ही चौघेही होतो. सरांना आता नीट दिसत नव्हते. शैलजाने कुलूप मेजावर ठेवले आणि उभी राहिली. परीक्षेला उभी राहावी तशी.

ती म्हणाली, "अमेरिकेत आपसात युद्ध झालं. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना. गिरण्या अडल्या. मग त्यांनी आपल्या मुलखाचा कापूस उचलला, आणि माझ्या खापरपणज्याच्या घरात पहिल्यांदा चार पैसे आले. तवर आमच्या दाराला नुसती कडी होती. कुलूप लावावं असं घरात काही नव्हतंच. म्हणून ते कुलूप आमच्या दाराला आलं. दुसऱ्याच्या घरातल्या लढाईनं आमच्या घराला कुलूप लावलं, आप्पा."

शेवटचा शब्द तिच्या तोंडून सहज गेला. कोणी तो दुरुस्त केला नाही. मीही नाही.

सरांनी वही चाचपली. "उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "वेळ सांगा. लिहून ठेवू."

मी घड्याळ पाहिले. साडेअकरा.

कपाट रिकामे करून आम्ही वस्तू पोत्यात बांधत होतो, तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. खाकी कपड्यांतला एक तरुण कंडक्टर धापा टाकत वर आला. त्याला आम्ही पूर्वी कधी पाहिले नव्हते.

"मंडळाचा डबा कुणाचा हो?"

 त्याने पिशवी मेजावर ठेवली. "घ्या की लवकर. गाडी लागलीय माझी. ह्या जमान्यात गाडीवर डबा कोण देतं हो? म्हातारं ऐकंचना. म्हणलं, पोरीनं उत्तर दिलंय, पोच कर."

"कुठल्या थांब्यावर?" मी विचारले.

त्याने थांबा सांगितला. ते जुने गाव. भूकंपानंतर वस्ती दुसरीकडे हलली. तिथे आता पडक्या भिंती आणि काटेरी झुडपे आहेत. तिथून लातूरला यायला गाडीला सव्वा तास लागतो.

मी पुन्हा घड्याळ पाहिले. बाराला दहा कमी.

कंडक्टर जिना उतरून गेला. शैलजाने पिशवीत हात घातला. आधी किल्ली निघाली. ती तिने नासिरभाईंकडे दिली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "तूच लाव, बेटा."

किल्ली फिरली. कुलूप उघडले. सरांनी आवाज ऐकला आणि वही मिटली.

मग तिने डबा उघडला. भाकऱ्या मऊ होत्या. तिने ठेच्याला बोट लावून चाखले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि डबा आमच्याकडे सरकवला.