हॉलंडला निघालेल्या चाळीस गोधड्या

किस्सा घडत असताना तो किस्सा आहे हे कुणाला कळतं? तेव्हा नुसता पोटात गोळा येतो. हसू येतं ते पुढं कधीतरी, चहाच्या वेळी, कुणी "ए, ते सांग ना" म्हटल्यावर. बदनापूरजवळच्या आमच्या गटात असे गोळे इतके साठलेत की म्हटलं, लिहूनच काढावेत.

आम्ही अकरा जणी एका शेडमध्ये गोधड्या शिवतो. मी बी.कॉम., म्हणून ईमेल माझ्याकडे. हॉलंडच्या एका दुकानानं बायकांच्या गटांकडूनच माल घ्यायचं ठरवलं आणि आम्हाला चाळीस गोधड्यांची ऑर्डर दिली. पास झाल्या तर वर्षभराचं काम. एक जरी नापास झाली तर सगळा माल परत. ही अट मीच वाचली, मीच 'हो' लिहिलं आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तशी ती लेकीनं आधीच उडवली होती, आता निमित्त मोठं मिळालं.

•••

अट पहिली, मापाची. लांबी दोनशे सेंटीमीटर, दोन इकडं-तिकडं चालतील. काशीकाकू आमच्यात सगळ्यांत मोठ्या. त्या मोजतात स्वतःच्या हातानं. कापड कापणाऱ्या शाहीनभाभी त्यांच्या हातानं. पहिल्या दोन गोधड्या शेजारी-शेजारी अंथरल्या, तर एक वीतभर लांब!

मी टेप आणली. काकूंनी टेपकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तिकडं माणसं बी सगळी दोनशे सेंटीमीटरचीच असतेत का?"

मी शोधून पाहिलं. बरीच उंच असतात. काकूंना सांगितलं नाही, गोधड्या आणखी वाढल्या असत्या.

•••

दुकानाच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी? शाहीनभाभी म्हणाल्या, "इथं येतो तीच तर सुट्टी. लिही, रोज."

मी 'रविवार' लिहिलं. मग प्रत्येक रविवारी शेडमध्ये शिवताना फोन वाजला की दचकायचे.

•••

कामाच्या जागी लहान मूल दिसता कामा नये, ही अट मी तीनदा वाचली. माझी ओवी चौदा महिन्यांची. तपासणी व्हिडिओ कॉलवर होती, म्हणून तिला सासूबाईंकडं ठेवून आले. दुकानाच्या मॅडमना मी फोन फिरवत शेड दाखवत होते, तोच दारात सासूबाई. "घे बाई, थांबतच न्हाई ही."

ओवी दुडदुडत अर्ध्या शिवलेल्या गोधडीवर जाऊन बसली आणि टाके ओढायला लागली. फोनवर सगळं दिसत होतं. मॅडमनी विचारलं, हे मूल इथं काम करतं का?

पाठ केलेलं सगळं इंग्रजी पळून गेलं. जे खरं तेच तोंडातून निघालं. "नाही मॅडम. आम्ही केलेलं काम ती उसवते."

ऑर्डर गेली, असं मी मनात धरूनही टाकलं. मग मॅडम म्हणाल्या, माझ्याही घरी असंच एक आहे, पुढचं दाखवा.

•••

माल न्यायला टेम्पो चारला येणार होता. त्याआधी एका कागदावर माझी सही हवी होती की मालात धान्य, बी, माती यातलं काही नाही. गोधडीत धान्य कुठून येणार? मी सही ठोकली आणि सहज एका गोधडीचा कोपरा चाचपला. आत काहीतरी कडक लागलं. दुसरीचा चाचपला. तिसरीचा.

"ज्वारीचे पाच दाणे," काकू म्हणाल्या. "शेवटचा टाका घालायच्या आधी गोधडीचं पोट भरावं लागतं. उपाशी गोधडी कुणाच्या अंगावर घालतेत का?"

चाळीसच्या चाळीस भरलेल्या. दीड वाजला होता.

एक दाणा सापडला तरी सगळं परत येईल, एवढं मी कसंबसं सांगितलं. पण काकूंना 'उसवा' म्हणायचं कुणी? शेवटी शाहीनभाभींनी कात्री उचलली आणि काकूंपुढं ठेवली. काकू कोपरा हातात धरून बसून राहिल्या. मग स्वतःच उसवला.

पुढं अकराही जणी खाली मान घालून बसल्या. टेम्पोवाला हॉर्न देत होता तेव्हा तीन कोपरे शिवायचे बाकी होते. ताटात जमलेली ज्वारी मी दोनदा मोजली. दोनशे दाणे भरले तेव्हा कुठं श्वास घेतला.

टेम्पो निघाला तसं काकूंनी मला बोलावलं. "त्या बाईला लिही, गोधड्या उपाशी धाडून राह्यलोत. पांघरायच्या आधी जरा पोट भर म्हणावं त्यांचं."

मी लिहिलं, ज्वारीच्या पाच दाण्यांची रीतही सांगितली. पाठवलं आणि लगेच पस्तावले. असलं कुणी खरेदीदाराला लिहितं का? त्यानंतर कितीतरी दिवस मेल उघडायला हात धजत नव्हता.

एके दुपारी उत्तर आलं. चाळीसही पास. पुढची ऑर्डर दीडशेची. खाली एक प्रश्न होता. आमच्याकडं ज्वारी मिळत नाही, ओट्स चालतील का?

ओट्स म्हणजे काय ते मी काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"चालंल. पण निवडून घे म्हणावं."