रुईचे मोजे

"थंडी तं नाही वाजून राहिली, बापू?" तिचा पहिला प्रश्न हाच. तोही वैशाखात, अकोल्यात! तिथला उन्हाळा तुम्ही पाहिला असेल, तर तुम्हीही माझ्यासारखेच तिच्या तोंडाकडे बघत राहिला असता.

दवाखान्यात ती आया होती. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. घरी पिंजाऱ्याचा धंदा, म्हणून केसांत कुठे ना कुठे कापूस अडकलेला. ऑपरेशनच्या रोग्यांसाठी तिनं त्याच कापसाची रुई भरून मांडीपर्यंतचे जाडजूड मोजे शिवले होते.

मी कोकणातला. चौथीतून शाळा सुटली आणि पोटासाठी इकडे कापसाच्या जिनिंगात कामाला लागलो. तिथेच अंतर्गळ अडकला. डॉक्टर म्हणाले, आजच कापायला हवं. मेलो तर आईला कोण सांगणार, एवढीच मला धास्ती. तशात खाला ते मोजे घेऊन आली.

"अहो, उकडून मरेन मी!"

"भुलीच्या औषधानं आंग गार पडते, बापू. पाय टाक."

"घाल रे," डॉक्टर हसले. "तिनं मोजे चढवल्याशिवाय मी सुरी धरत नाही."

ऑपरेशन नीट झालं. घोळ झाला तो नंतर. माझ्या भाड्याच्या खोलीतला सोबती बघायला आला, इथलाच, जिवाला जीव देणारा. मला भर उन्हाळ्यात मोज्यांत आणि घोंगडीत गुंडाळलेलं पाहून त्याला भडभडून आलं. इकडे उन्हाळ्यात लोक ओली चादर पांघरून झोपतात. त्यानं मोजे उतरवले, घोंगडी काढली, चादर भिजवून माझ्यावर घातली आणि वर पंख्यानं वाराही घालत बसला.

मला शुद्ध आली तेव्हा दात कडकड वाजत होते. खाला धावत आली.

"अरे, मढं करतं का त्याचं? काढ ते ओलं!"

"खाला, उकडून राहिलं ना त्याले!"

"तुले उकडून राहिलं! त्याचे ओठ पाह्य, निळे पडले! जाय, गरम पाणी आन."

तिनं मला कोरडं केलं, पुन्हा मोजे चढवले, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कुशीला ठेवल्या. माझी थरथर थांबेना. मी कसाबसा म्हणालो, "आईला कळवा."

"काय कळवू? पोरगा वैशाखात थंडीनं मेला? कोन खरं मानीन, बापू?"

मला हसू फुटलं. टाके असे दुखले की डोळ्यांत पाणी आलं. "हास, हास," ती म्हणाली आणि घोंगडी माझ्या हनुवटीपर्यंत ओढली. कोपऱ्यात सोबती रडत होता. त्यालाही तिनं चहा पाजला.

बरा होऊन गावी गेलो. आईनं सगळं दोनदा ऐकलं आणि खालासाठी आमसुलं बांधून दिली. पुढच्या उन्हाळ्यात ती घेऊन दवाखान्यात गेलो, तर खाला नव्हती. मग तिच्या घरी गेलो. तिचा मुलगा कापूस पिंजत होता. "अम्मी थंडीतच गेली," तो म्हणाला. आमसुलं त्याच्या हातात दिली. तो मला कबरस्तानात घेऊन गेला.

दुपारची वेळ होती. मी खाली बसून तिच्या मातीला हात लावला. चांगलीच तापली होती. जिवाला जरा बरं वाटलं.